दोर तुटला नव्हता

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील पत्रकं लिहायचे आणि वाटून उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू मला गिरवायला मिळायची. एका अंगाला माझा वेडावाकडा ‘ग’, दुसऱ्या अंगाला ‘वसईकरांनो, पाणी कुणाचं?’. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता आले, असं माझी आत्या अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

वडील गेले तेव्हा ते काम आपसूक माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही, मी मागितलं नाही. घरात मी आणि आत्या अशा दोघीच उरलो होतो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, वाडी केली. गिरीजला आमची केळीची वाडी आहे, थोडा भाजीपाला आहे, आणि घरात आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, जुने संत आहेत. आम्ही कॅथलिक. इथे मी माणसांची नावं लिहिणार नाही, आणि माणसांची नाहीत तर संतांचीही नकोत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

संतांमध्ये खातेवाटप झालेलं असतं. घसा धरला की एकाकडे, डोळे आले की दुसरीकडे, वस्तू हरवली की तिसऱ्याकडे. मंत्रिमंडळासारखंच, फक्त इथे एकदा मिळालेलं खातं बदलत नाही आणि राजीनामाही देता येत नाही. लिहिणाऱ्यांचं खातं कुणाकडे आहे, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. लिहिणाऱ्याला संत लागत नाही, शाई लागते, असं वडील म्हणायचे.

दृढीकरणाच्या संस्कारात मुलामुलींनी एका संताचं नाव घ्यायचं असतं. मी तेव्हा फादरांना म्हटलं होतं की जिच्याबद्दल मला काही माहीत नाही तिचं नाव मी कसं घेऊ. फादर हसले आणि त्यांनी स्वतःच एक नाव देऊन टाकलं. ते मी कधी वापरलं नाही. पण वडील गेल्यानंतर मला लिहिता येईना. वाक्यं सुरू व्हायची आणि मध्येच त्यांच्या आवाजात संपायची. तेव्हा मी ठरवलं की या वेळी संत मी निवडणार, नीट माहिती काढून.

चर्चच्या वाचनालयात संतचरित्रांचा एक जाड ग्रंथ होता. मी तो उमेदवारांची छाननी करावी तसा वाचला. एका कुमारिकेने पन्नास पंडितांना वादात हरवलं होतं. ती मला फार आवडली, पण तिने स्वतः काही लिहिल्याचा पुरावा नव्हता. एक भाषांतरकार होता, अत्यंत तापट, आणि त्याच्या पायाशी सिंह. आणि मग एक बिशप सापडला, शिकलेला वकील. लोक त्याचं ऐकायला दार उघडत नसत, म्हणून तो आपलं म्हणणं कागदावर लिहून दाराखालून आत सरकवत असे. मी पुस्तक मिटलं. पत्रकं वाटणारा संत! वडिलांना हे सांगायला हवं होतं, असं फार वाटलं.

खरं तर त्याच्याकडे पोचण्याआधी मी एका पानावर अडखळले होते. ते हरवलेल्या वस्तूंच्या संताचं पान होतं. मेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याची कबर उघडली, तर सगळ्या देहाची माती झाली होती आणि जीभ मात्र लाल, ओली, जिवंत माणसाची असावी तशी. मी ते पान घाईने उलटलं. तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी जीभ मला तोंडात जड लागत राहिली.

आल्तारापुढे उभी राहून मी बिशपला शब्द दिला की जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहिणार नाही आणि जे पाहिलं ते खोडणार नाही. आत्या मागे मेणबत्तीची काजळी पुसत होती. ती आमच्या बोलीत बोलते, मी इथे साध्या मराठीत लिहिते. ती म्हणाली, “संत म्हणजे काय ब्लाउजपीस आहे, चार उलगडून एक निवडायला? हाक मारणं आपल्या हातात. येईल कोण, ते नाही.”

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या काकांनी त्यांचं बावखल बुजवायला काढलं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी त्याच्यावर रहाट असायचा, सगळी केळी त्या पाण्यावर जगायची. आता पंप आले, पण बावखलं आहेत म्हणून विहिरींना गोडं पाणी आहे. खाडीचं खारं पाणी आत घुसायला टपलेलंच असतं. काका हे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची आणि आमची वाडी एकमेकींना लागून, मध्ये नुसती जास्वंदीची कुंपणाची रांग. एके सकाळी सातिवलीच्या बाजूने डंपर आला आणि बावखलाच्या एका कोपऱ्यात विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, कुणाच्या तरी बाथरूमच्या गुलाबी टाइल्स ओतून गेला. जलपर्णी त्या ओझ्याखाली हळूहळू दबली आणि पाण्याने एक लांब ढेकर दिला.

मी पत्रक लिहायला बसले. आत्या माझ्यामागे येऊन उभी राहिली, अशी ती कधी राहत नाही. म्हणाली, लिही की त्या पाण्यात आमचा संत आहे.

ही गोष्ट मला माहीत होती. आमच्याकडे जुन्या लोकांत एक रीत होती. काही हरवलं आणि नवसाने सापडेना, तर हरवलेल्या वस्तूंच्या संताची मूर्ती पायाला दोर बांधून उलटी पाण्यात सोडायची. आणून दे, मग वर काढतो. माझ्या वडिलांचा आणि आत्याचा सगळ्यांत धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला गेला होता. त्याची पत्रं येत राहिली, मग थांबली. कंपनीने कळवलं की तो एका बंदरावर उतरला आणि परत चढला नाही. आत्याने आल्तारावरचा वीतभर लाकडी संत उचलला आणि काकांच्या बावखलात सोडला, कारण आमच्या वाडीत नुसती विहीर होती आणि विहिरीचं पाणी प्यायचं. वडील तेव्हा तिच्यावर खूप चिडले होते. संतालाही अटकेआधी नोटीस द्यावी लागते, असं म्हणाले होते म्हणे. ते मूर्ती काढायला निघाले, तेव्हा आत्याने सांगितलं की आता उपयोग नाही, दोर तुटला, संत गाळात गेला. तिथे गोष्ट संपत असे. लहानपणी मी ती इतक्यांदा ऐकली होती की मला तो दोर तुटण्याचा आवाजसुद्धा माहीत होता.

मी आत्याला म्हटलं, भावनेवर पत्रक काढायचं नाही, हा तुझ्याच भावाचा नियम आहे. मी पाण्याचं लिहीन, कायद्याचं लिहीन.  पण त्या दिवसापासून ती दुपारी कुंपणाशी जाऊन उभी राहायला लागली आणि मला हळूहळू समजलं की तिला पाण्याची काळजी नव्हती. बावखल बुजलं की संत कायमचा खाली जाणार. मग जो सौदा तिने केला होता, तो ना पुरा होणार, ना मोडता येणार. धाकटा ना आला, ना गेला, असा कायमचा अधांतरी.

मी पत्रक दुपारचं लिहिलं. आमच्या वाडीत दुपारी बाराला चर्चची घंटा होते. देवदूताच्या वंदनेची घंटा. ती थांबली की काही वेळ काहीच वाजत नाही. पक्षी नाही, पंप नाही, पान नाही. बाहेरच्यांना ही शांतता गोड वाटते. आम्ही त्या वेळी बावखलाकडे जात नाही, इतकंच. का, ते कुणी सांगत नाही. मी खिडकीशी बसून लिहीत होते, समोर ते हिरवं पाणी. या वेळी वाक्यं वडिलांच्या आवाजात संपली नाहीत. सरळ येत गेली. कुणीतरी सांगावं आणि मी उतरून घ्यावं तशी. मला वाटलं, बिशप कामाला लागला.

मजकूर मी सातिवलीच्या एका गाळ्यातल्या छापखान्यात पाठवला. तिथल्या अक्षरजुळणी करणाऱ्या पोराचा फोन आला. तो नेहमीप्रमाणे अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होता. “मॅडम, प्रूफ भेजा है, बघून घ्या. ती लास्टची लाइन बोल्ड करू का? एकटीच आहे ना, जरा डेंजर वाटते.”

मी विचारलं, कुठली लाइन.

“दोर तुटला नव्हता.”

मी पाठवलेला मजकूर उघडला. खाली, ‘आपल्या विहिरींचे रक्षण आपणच करू या’ याच्यानंतर, एक ओळ सोडून ती होती. माझ्याच टंकात. ती मी लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. न आठवण्याची चार साधी कारणं मी स्वतःला दिली. ऊन होतं, जागरण झालं होतं, ती गोष्ट डोक्यात होती, बोटं आपोआप चालतात. चारही पटण्यासारखी होती. पण गोष्ट डोक्यात होती तर बोटांनी ‘दोर तुटला’ असं लिहायला हवं होतं. ‘नव्हता’ कुठून आला? मी ती ओळ काढून टाकायला हात नेला आणि थांबले. जे लिहिलं ते खोडणार नाही, असा शब्द मी दिला नव्हता. जे पाहिलं ते खोडणार नाही, असा दिला होता. मग हे मी पाहिलं होतं का?

आत्या मागल्या दारी अळूच्या जुड्या बांधत होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. तिच्या हातातला सोप, केळीच्या सालीचा ओला धागा, तसाच हवेत राहिला. 

“कुणी सांगितलं तुला?”

मी म्हटलं, कुणी नाही. लिहिताना आलं.

ती बराच वेळ माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने जुडी बांधून पुरी केली, टोपलीत ठेवली, आणि सांगितलं. दोर तुटला नव्हता. तसं तिने फक्त म्हटलं होतं, कारण तसं म्हटलं नसतं तर माझ्या वडिलांनी संत वर काढला असता आणि सौदा मोडला असता. मग पोरगा कुणाच्या जिवावर परत येणार? दोर जुन्या रहाटाच्या दगडाशी पाण्याखालच्या कडीला बांधला होता आणि अजून तिथेच असणार. काथ्याचा दोर होता, काथ्याला पाणी खात नाही. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पापनिवेदनातही नाही, कारण ते पाप आहे असं तिला वाटत नव्हतं.

“तू हाक मारलीस त्या शिकलेल्याला,” ती म्हणाली. “त्याला आपली बोली कुठली येते? हा पाण्यातला दारातच होता. हा आला.”

मला राग आला. माझा संत मी निवडला होता, छाननी करून. 

वडिलांचा आणखी एक नियम होता. पत्रक वाटण्याआधी ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्या घरी जाऊन त्याला ते वाचून दाखवायचं. पाठीमागे लिहायचं नाही. या नियमापायी वडिलांनी दोनदा मार खाल्ला होता आणि एकदा जेवण. मी शेवटची ओळ वगळून प्रत काढली आणि काकांकडे गेले. काका ओटीवर बसले होते. ते चर्चमध्ये शुभवर्तमान ऐकतात तसे गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. ‘जमिनीच्या दराच्या लोभापायी’ या शब्दांशी त्यांनी बोट वर केलं.

“हे तू पाहिलंस?”

मी म्हटलं, काय?

“लोभ. बिल्डर माझ्याकडे आलेला पाहिलास? पैसे घेताना पाहिलंस?”

 नव्हतं पाहिलं. सगळे त्याचसाठी बुजवतात म्हणून मी लिहिलं होतं. बिशपला दिलेला शब्द पहिल्याच पत्रकात मोडला होता आणि ते मला माझ्या विरोधकाने दाखवून द्यावं, ही शरमेची गोष्ट होती.

काका आवाज खाली आणून बोलायला लागले. आता सांगतो ते तुझ्या कागदात घालायचं तर घाल, म्हणाले, पण हसू नको. गेला पावसाळा संपल्यापासून बाराची घंटा थांबली की बावखलात काहीतरी ओढतं. पाणी हलत नाही. जुन्या रहाटाचा दगड करकरतो, आत कडी असल्यासारखा. आधी वाटलं कासव. मग वाटलं मुळं. मग एक दिवस ते दगडावर पाय ठेवून उभे राहिले आणि पायाखाली त्यांना धक्का जाणवला. हलका. दार वाजवावं तसा, थांबून थांबून. बायकोला दाखवावं म्हणून तिला घेऊन गेले, तर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. त्यानंतर त्यांनी डंपरवाल्याला फोन केला. खेपेमागे पैसे तर उलट त्यांनाच द्यावे लागत होते.

“मला पैसा नको गं,” ते म्हणाले. “मला दुपारची झोप पाहिजे.”

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने हात धुतले, केस बांधले, डोक्यावरून पदर घेतला, चर्चला जाताना घेते तसा. ओढतोय म्हणजे काहीतरी सांगतोय, म्हणाली. मग दारातच थांबली. संत वर काढला आणि धाकटा आलेला नसला तर तिनेच सौदा मोडला. नाही काढला तर काका भराव टाकणार. आयुष्यभर ही बाई वांग्याच्या भावावर व्यापाऱ्यांना गप्प करत आलेली, आणि तिला उंबरा ओलांडता येईना. मला कुठलाही नियम आठवला नाही. मी फक्त तिचा हात धरला. तो धुतल्यामुळे ओला होता.

आम्ही तिघं बावखलाशी उभे राहिलो. काका मागे, भरावाच्या ढिगाला टेकून. घंटा झाली. आत्याने क्रूसाची खूण केली. घंटा थांबली आणि ती शांतता आली. मी वाट बघत होते की काही होणार नाही. मग दगड करकरला.

मी ते ऐकलं. आत्याने ऐकलं. काकांनी आमच्या तोंडाकडे बघून डोळे मिटले, आपण वेडे नाही हे कळल्यावर माणूस मिटतो तसे.

आत्या पायरी उतरून गुडघाभर पाण्यात गेली. जलपर्णी बाजूला सारून तिने दगडाखाली हात घातला. तिचा हात कडीवर गेला, मग दोरावर, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. “आहे,” ती म्हणाली. आणि मग हळू, “ओढतोय.” मी तिच्या शेजारी उतरून दोर धरला. शेवाळाने बुळबुळीत झालेला, पण आतून घट्ट. पलीकडून एक ओढ आली. मासा ओढतो तशी झटक्याची नाही. लहान मूल गर्दीत हात ओढतं तशी. मग सैल.

आत्याने दोर घ्यायला सुरुवात केली. तो येत गेला, काळा, पाणी गाळत, हातावर हात. वजन होतं. लाकडाच्या वीतभर मूर्तीला असावं त्याहून जास्त वाटलं, पण ओल्या दोराचंही वजन असतंच. शेवटच्या दोन हातांत वजन एकदम गेलं. दोराचं टोक बाहेर आलं.

टोकाला फास होता. आत्याची स्वतःची गाठ, केळीच्या घडाला मारते तीच दुहेरी गाठ, आवळलेली, एक पीळसुद्धा न सुटलेली. फासाची गोलाई दोन लहान घोट्यांएवढी. आणि त्यात कुणी नव्हतं.

मी गाठ तपासली. काकांनी तपासली. ती न सोडता त्यातून पाय निघणं शक्य नव्हतं. लाकूड कुजलं असेल, असं मी म्हटलं. तेवढ्या वर्षांत कुजू शकतं. पण मग आता कोण ओढत होतं, हे मी म्हटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आत्या तो फास हातात घेऊन उभी होती. मी तिला रडताना पाहायची तयारी केली होती. तिच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं. मी तिचे तरुणपणचे फोटो पाहिलेत, त्यांत तो चेहरा आहे.

“स्वतःच गेला,” ती म्हणाली. “त्याला शोधायला.”

काकांनी घसा खाकरला आणि विचारलं, दोराचं काय करू, जाळू का. आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एक पाऊल मागे सरले.

“परत सोड पाण्यात. दोघं यायचे तर कशाला धरून येतील?”

काकांनी स्वतः दोर सोडला. फास पाण्यावर थोडा वेळ उघड्या तोंडासारखा तरंगला आणि खाली गेला. मग तिथेच उभे राहून त्यांनी डंपरवाल्याला फोन लावला आणि पुढच्या खेपा नकोत म्हणून सांगितलं. तो कारण विचारत असावा. घरात अडचण आहे, एवढंच काका म्हणाले.

मी पत्रक नव्याने लिहिलं. लोभ काढला. पाण्याचं, कायद्याचं, खाडीचं ठेवलं, कारण गावात आणखी बावखलं आहेत आणि ती बुजवणाऱ्यांना दुपारची झोप चांगली लागते. शेवटी मी एका परिच्छेदात लिहिलं की एका बावखलात आम्ही काय पाहिलं. भावनेवर लिहायचं नाही हा नियम मी मोडते आहे की पाळते आहे, हे मला ठरवता आलं नाही. नियमाप्रमाणे मी ते काकांना वाचून दाखवायला गेले. आत्याही आली होती. ते पूर्वीसारखेच गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. ‘दोर शाबूत होता, गाठ शाबूत होती, फास रिकामा होता’ इथे त्यांनी बोट वर केलं.

“रिकामा नको लिहू,” काका म्हणाले. “तो त्यात नव्हता, एवढंच आपण पाहिलं.”

आत्याने मान हलवली. मी पेन काढलं आणि तो शब्द बदलला.